भविष्य सोडा, तोडगा तपासा

20 ऑगस्ट जवळ आला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 2013 साली याच दिवशी पुण्यात खून झाला. कुणीतरी त्यांचा फोटो टाकतं, लगेच दुसरं कुणी विचारतं, ‘श्रद्धा कुठली आणि अंधश्रद्धा कुठली हे ठरवणारे तुम्ही कोण?’ मग ज्योतिष शास्त्र आहे की नाही यावर रात्री उशिरापर्यंत खल चालतो. इंग्लंडमधून मी तो वाचत असते, मधूनमधून तोंडही घालते. ज्योतिष शास्त्र नाही याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी अलीकडे वाटू लागलंय की आपली सगळी ताकद भलत्याच प्रश्नावर खर्च होते.

शास्त्राचा निकाल महाराष्ट्रातच लागलाय. जयंत नारळीकरांनी अंनिसच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन हुशार मुलांच्या शंभर आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या, आणि कुठली कुणाची ते ओळखायला ज्योतिषांना सांगितलं. प्रत्येकाला 40 पत्रिका. 27 जणांनी उत्तरं पाठवली, आणि नाणं उडवून जेवढी बरोबर आली असती त्याहून काही सरस निघाली नाहीत. हे 2009 साली रीतसर प्रसिद्ध झालं. पण त्यामुळे पत्रिका बघायचं थांबलं असं एकही घर मला माहीत नाही. पोराचं लग्न जुळत नाही, तपासणीचा रिपोर्ट वाईट आलाय, अशा वेळी माणूस ज्योतिषाच्या यशाची टक्केवारी विचारत बसत नाही.

इथे इंग्लंडात आमच्या गावातल्या एका मराठी बाईंचं उदाहरण देते. नवरा गेलेला, मुलगा चाळिशीकडे झुकलेला आणि अविवाहित. महाराष्ट्रातल्या एका गुरुजींचा नंबर त्यांना कुणीतरी दिला. पहिल्या फोनला 51 पौंड. पत्रिकेत पितृदोष निघाला. त्याच्या शांतीसाठी 600 पौंड. मग कळलं की दोष दोन पिढ्यांचा आहे, आणखी एक विधी लागेल. पैसे संपत आले तेव्हा बाईंनी थांबूया म्हटलं. त्यावर गुरुजींचा व्हॉइस मेसेज आला, तो त्यांनी मला ऐकवला. आवाज अगदी शांत, प्रेमळ म्हणावा असा: ‘ताई, माझी जबरदस्ती नाही. पण विधी अर्धवट राहिला तर मुलाच्या जिवाला अपाय संभवतो. तुमचं तुम्ही ठरवा.’ बाईंनी दागिना मोडला.

यात भविष्य असं कितीसं सांगितलं? ‘पुढच्या वर्षी योग आहे’ एवढं एक वाक्य. बाकी सगळी कमाई तोडग्यावर. आधी भीती घालायची, मग तिच्यावरचा उपाय विकायचा, आणि उपाय सोडला तर आणखी मोठी भीती. मंगळ, साडेसाती, कालसर्प, वास्तू, नावं बदलत राहतात.

‘तुमच्या इंग्लंडात बरं, तिथे असलं चालत नाही,’ असं भाऊ म्हणतो. चालतं, दादा. इथे पत्रपेटीत पडणाऱ्या पत्रकांवर काळी जादू काढून देण्याची, गेलेला नवरा परत आणण्याची हमी असते, आणि शेवटी बारीक अक्षरात ‘फक्त मनोरंजनासाठी’. ती ओळ उगाच येत नाही. इथे 1735 च्या कायद्यानुसार चेटूक हा नव्हे, तर चेटूक येतं असं भासवणं हा गुन्हा होता. त्याच कायद्याखाली 1944 साली हेलन डंकन या मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या बाईला तुरुंगात पाठवलं. 1951 साली त्या जागी मृतात्म्यांशी बोलण्याचं सोंग करून फसवणाऱ्यांविरुद्धचा कायदा आला. त्यात फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागे, आणि निव्वळ मनोरंजनाला सूट होती. 2008 साली तोही रद्द झाला आणि हा विषय ग्राहकसंरक्षणात गेला. एक गोष्ट चांगली झाली: विकणाऱ्याचा स्वतःचा त्यावर खरंच विश्वास आहे का, हे कुणी विचारत नाही, ग्राहकाची दिशाभूल झाली का, एवढंच पाहतात. पण त्या बारीक ओळीची सवय काही गेली नाही. मुलाच्या काळजीने झोप उडालेली आई करमणूक म्हणून कुणाला पैसे देते का?

म्हणूनच महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मला इथल्यापेक्षा मुळात शहाणा वाटतो. तो माणसाच्या यातनेपासून सुरू होतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, चमत्कार दाखवून पैसे उकळणं, यांवर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. वारी, कीर्तन, भजन यांना त्याने हातही लावलेला नाही, हे ग्रुपवर दरवर्षी सांगावं लागतं. मात्र त्याच सूट दिलेल्या यादीत जोशी, नंदीबैलवाले आणि इतर ज्योतिषी यांचा सल्लाही आहे, वास्तुशास्त्राचाही आहे. इतक्या वर्षांच्या विरोधातून कायदा पार करायचा तर काही सोडावं लागलं असणार, हे मी समजू शकते. नंदीबैलवाल्याच्या मागे पोलीस लागावेत असं मलाही वाटत नाही.

सूट सल्ल्याला राहू दे. पत्रिका बघा, गुण जुळवा, मुहूर्त काढा, त्याची दक्षिणाही घ्या. पण ‘हे केलं नाहीस तर तुझा मुलगा दगावेल’ असं सांगून पैसे घेणं हा सल्ला नाही. ती धमकी आहे, आणि सवलतीच्या यादीतून ती स्पष्ट शब्दांत बाहेर काढायला हवी. पत्रिका मानणाऱ्या माझ्या मावशीलाही हे पटतं. ज्योतिष खरं की खोटं यावर आमचं जन्मात एकमत होणार नाही, पण तो व्हॉइस मेसेज कसा होता ते तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘याला जोशी म्हणायचं नाही.’

बाईंनी अजून तक्रार केलेली नाही. पैसे इंग्लंडमधून गेले, गुरुजी महाराष्ट्रात, मेसेज फोनवर. इथले पोलीस तिकडे बोट दाखवतील याची त्यांना धास्ती, आणि मुलाला कळेल याची त्याहून जास्त. जादूटोणाविरोधी कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. त्याच्याकडे पाठवायचा अर्ज मी लिहून ठेवलाय, गुरुजींनी घेतलेल्या रकमा तारखांसह मांडल्यात. सही त्यांचीच लागेल.