ताप अंगावर काढणाऱ्यांचे कौतुक आता पुरे

परवा मंगळवारी सकाळच्या बैठकीला आमचे एक सहकारी लाल डोळ्यांनी आणि बसलेल्या घशाने आले आणि खुर्ची ओढता ओढता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रात्री १०२ ताप होता, पण गोळी घेतली आणि आलो." त्यांना तिथल्या तिथे घरी पाठवण्याऐवजी साहेबांनी भर बैठकीत त्यांचे कौतुक केले आणि कामावरची निष्ठा अशी असावी, असे उरलेल्या आठ जणांना ऐकवले. पुढचे दोन तास दार बंद, खिडक्या बंद, आणि हे गृहस्थ तळहातात खोकत होते, त्याच हाताने कागद पुढे सरकवत होते, त्याच हाताने त्यांनी माझे पेन मागून घेतले. बैठक संपल्यावर तोच हात हस्तांदोलनासाठी माझ्यापुढे आला. मी हात मागे घेतला आणि "तुम्ही घरी जा, निदान मास्क तरी लावा," असे स्पष्ट सांगितले, तेव्हा उद्धटपणा मीच केल्यासारखे सगळे माझ्याकडे पाहू लागले. "अहो, साधा फ्लू असेल, त्याला इतकं काय घाबरायचं?"

साधा, पण कोणासाठी? माझ्या वडिलांची केमोथेरपी चालू आहे. त्यांच्या पांढऱ्या पेशी इतक्या कमी झाल्या आहेत की ताप आला तर, रात्रीचे दोन वाजले असले तरी, थेट रुग्णालय गाठायचे, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. तुमची चार दिवसांची अंगदुखी त्यांच्या फुप्फुसात न्यूमोनिया होऊन बसू शकते. हे त्या खोलीत कोणालाही ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती, कारण कोणाच्या घरी सहा आठवड्यांचे बाळ आहे, कोण गरोदर आहे, कोणाचे मूत्रपिंड बदललेले आहे, हे विचारून कोणी खोकत नाही.

त्या गोळीविषयी तर मला संतापाशिवाय बोलताच येत नाही. पॅरासिटामॉल तापमान खाली आणते; विषाणूला ते हातही लावत नाही. ताप उतरला म्हणून तुम्हाला बरे वाटू लागते, तुम्ही उठून चार लोकांत जाता आणि नाकाघशातला विषाणू तितक्याच जोमाने बाहेर पडत राहतो. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना लागण करू शकतो, आणि त्यातही पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट असतात. म्हणजे नेमके ज्या दिवशी हे गृहस्थ शौर्य दाखवायला आले, तो दिवस. औषध न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच बाहेर पडण्याचा विचार करावा, ही साधी गोष्ट शिकलेल्या माणसांना अजून किती वेळा सांगायची?

आणि त्या बंद खिडक्या! कोविडचे पहिले कित्येक महिने आपण टेबले आणि दारांच्या कड्या पुसण्यात घालवली. जागतिक आरोग्य संघटनेनेच मार्च २०२० मध्ये हा आजार हवेतून पसरत नाही, असे ठामपणे जाहीर केले होते. ती चूक दुरुस्त होईपर्यंत लोकांच्या डोक्यात सॅनिटायझर पक्का बसला आणि खिडकी राहून गेली. खोकताना, बोलताना, नुसता श्वास सोडतानाही जे बारीक कण बाहेर पडतात, ते बंद खोलीतल्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकतो. इतके सगळे सोसूनही खिडकी उघडा म्हटले की आमच्याकडे कोणाला तरी आवाजाचा त्रास होतो.

सॅनिटायझरचा विषय निघालाच आहे, तर मागच्या वर्षीचेही सांगतो. कार्यालयात उलट्या-जुलाबांची साथ आली, तेव्हा व्यवस्थापनाने प्रत्येक दाराशी सॅनिटायझरची बाटली ठेवली, आणि हात धुण्याच्या जागी साबण आठवडाभर संपलेला होता. उलट्या-जुलाबांच्या साथी पसरवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझरमधले अल्कोहोल फारसे चालत नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच लागते, तेही किमान २० सेकंद. मी तीन वेळा लेखी तक्रार केली. तिसऱ्या वेळी मला "जरा अतीच" करतो असे ऐकावे लागले.

हे "अतीच" नवीन नाही. १८४७ साली व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांच्या लक्षात आले की, जिथे सुईणी प्रसूती करतात त्या विभागापेक्षा जिथे डॉक्टर करतात त्या विभागात कितीतरी अधिक बाळंतिणी मरतात. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतीसाठी येत असत. सेमेलवाइस यांनी त्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत दोन टक्क्यांच्या आसपास आले. तरीही अनेक नामवंत डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे धुडकावले, कारण आपल्याच हातांनी मृत्यू नेला, हे मान्य करणे त्यांना अपमानास्पद वाटले. मंगळवारी माझ्यासमोरच्या चेहऱ्यांवर तोच अपमान होता. बायका मेल्या त्याचे काही नाही, आपल्या हाताला नाव ठेवले याचा राग!

त्या गृहस्थांनी घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्याही घेतल्या होत्या, हे मला नंतर कळले. विषाणूवर शून्य उपयोग, आणि अंगातल्या जिवाणूंना औषध पचवण्याचा सराव मात्र मिळाला.

ज्याचा एका दिवसाच्या रजेने पगार कापला जातो, त्याच्यावर माझा राग नाही. तो नाइलाजाने येतो, आणि त्याला आजारपणाची भरपगारी रजा न देणारा मालक खरा दोषी आहे. पण आमच्याकडे रजा मिळते. या गृहस्थांच्या खात्यावर ती शिल्लक आहे. घरून काम करण्याची सोयही आहे.

फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला एक ते चार दिवस लागतात. आज दुसरा दिवस आहे. आम्ही घरात सगळ्यांनी लस घेतली आहे, पण वडिलांच्या शरीराने तिला कितपत प्रतिसाद दिला असेल, याची खात्री देता येत नाही, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले आहे. म्हणून मी वेगळ्या खोलीत झोपतो, घरात मास्क लावून वावरतो आणि भिंतीपलीकडे बसलेल्या वडिलांशी फोनवर बोलतो. उद्या त्यांना केमोथेरपीसाठी मी नेणार होतो. आता बहीण नेणार आहे आणि त्यासाठी तिने रजा काढली आहे.