रेकॉर्डमागे दोन डॉलर तीन सेंट

जुन्या भावगीताला कोणी नवा ठेका दिला, अंतऱ्यात गिटार घातली, की आपल्याकडचा वाद ठरलेला. एक पक्ष ‘विटंबना’ म्हणतो, दुसरा ‘नव्या पिढीला असंच आवडतं’ म्हणतो. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांमध्येही तोच वाद चालतो, फक्त वड्यांच्या रांगेत. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बसून तो ऐकताना वाटतं, भांडण चुकीच्या जागी चाललंय. याच क्वीन्सच्या फॉरेस्ट हिल्समधल्या चार पोरांची गाणी जगभरचे बँड गेली कित्येक वर्षं हवी तशी गातात, त्यांचे अख्खे अल्बम काढतात. त्यात भक्तीचा वाटा आहेच, पण परवान्याच्या दराचा त्याहून मोठा आहे.

ती चार पोरं म्हणजे रमोन्स हा पंक रॉक बँड. त्यांची पहिली रेकॉर्ड १९७६ची: १४ गाणी, जेमतेम अर्धा तास, खर्च साधारण ६,४०० डॉलर. एका कानात बेस, दुसऱ्यात गिटार, मधे ड्रम आणि गळा. तीन कॉर्ड येतात त्याला ही गाणी सोपी वाटतात, आणि मानवंदनेचे निम्मे अल्बम इथेच आपटतात. त्यांचा गिटारवादक जॉनी रमोन प्रत्येक फटका वरून खालीच मारायचा. ठेका मिनिटाला १७६ मात्रांचा धरला आणि प्रत्येक मात्रेला दोन फटके, तर सेकंदाला जवळजवळ सहा होतात, तेही सगळे खालच्या दिशेचे. मनगट दुखलं की वादक खाली-वर मारायला लागतो. वरच्या फटक्यात पातळ तारा आधी लागतात, आवाज हलका पडतो आणि ती सलग भिंत ढासळते. मग गडी आवाज वाढवतो, डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटवलेला आवाज, चढवतो, पण त्याने फक्त चिखल होतो. उपाय उलटा आहे: डिस्टॉर्शन कमी, हात कोपरातून नव्हे तर मनगटातून, आणि झेपत नसेल तर सरळ ठेका उतरवा.

ठेका उतरवायची हिंमत मात्र फार थोड्यांत असते. २००३मध्ये जॉनी आणि रॉक गायक रॉब झॉम्बी यांनी मिळून रमोन्सच्या गाण्यांचा जो मोठ्या नावांचा अल्बम काढला त्यात मेटॅलिका, यू-टू, किस, ग्रीन डे असे सगळे दिग्गज आहेत, सोबतचा मजकूर स्टीफन किंगचा. ग्रीन डेने आपल्या वाट्याचं गाणं जवळजवळ तसंच वाजवलं. चोख आहे, पण मग मूळच का ऐकू नये? टॉम वेट्सने मात्र स्वतःच्या खरखरीत गळ्याने गाण्याचा पार कायापालट केला, आणि माझ्या मते अख्ख्या अल्बममध्ये तेच टिकलं. ओसाकाच्या शोनेन नाइफ या बँडने २०११मध्ये रमोन्सच्याच गाण्यांची रेकॉर्ड काढली, जपानी उच्चार जराही न लपवता. तीही ऐकावी. स्क्रीचिंग वीझल या बँडने १९९२मध्ये रमोन्सची पहिली रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाजवली होती, त्यातला बेफिकीरपणा मला हुबेहूबपणापेक्षा जास्त भावतो. आणि खुद्द रमोन्सनीही पहिल्याच रेकॉर्डवर दुसऱ्याचं एक गाणं घेतलं होतं, १९९३मध्ये तर अख्खा अल्बमच साठच्या दशकातल्या परक्या गाण्यांचा केला.

आता हिशेब. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ११५ सांगतं की गाणं एकदा हक्कदाराच्या संमतीने बाजारात आलं, की ते कोणीही पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतो. हक्कदार नाही म्हणू शकत नाही. नोटीस द्यायची आणि ठरलेला दर भरायचा. पाच मिनिटांच्या आतल्या गाण्याला २०२५चा दर प्रतीमागे १२.७ सेंट होता. १६ गाण्यांच्या रेकॉर्डला २ डॉलर ३ सेंट, ५०० प्रतींना सुमारे १,०१६ डॉलर. गॅरेजमधल्या लेबललाही हे झेपतं. आपल्या शैलीत बसवण्यापुरता बदल चालतो, मूळ चाल आणि गाण्याचा पिंड मात्र मोडायचा नाही. व्हिडिओ यात येत नाही, त्याची परवानगी वेगळी काढावी लागते, आणि नवखे हमखास इथे अडकतात.

भारताच्या कॉपीराइट कायद्यात याच कामासाठी २०१२च्या दुरुस्तीने कलम ३१-सी आलं. पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष सरल्यावर पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं, हे ठीक. पण प्रत्येक गाण्यामागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी, तीही आगाऊ! पाचशे प्रती काढणाऱ्याने पन्नास हजारांचे पैसे भरायचे. शिवाय शब्दांत-चालीत आधी संमतीने न झालेला बदल करायचा नाही, तांत्रिक गरज असेल तेवढाच चालतो. आणि वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा चित्र छापायचं नाही, ज्या चित्रपटात ते ध्वनिमुद्रण होतं त्याचंही नाही. म्हणजे मानवंदना द्या, पण कोणाला ते सांगू नका. या अटींमागे फसवणुकीची रास्त भीती होती, कारण जुन्या गाण्यांच्या नकली कॅसेटी आणि नंतर रिमिक्सची लाट आपण पाहिली आहे. तरी त्यांचा मार गल्लाभरूंपेक्षा हौशी लोकांनाच जास्त बसतो.

इकडे अमेरिकेत सगळं आलबेल आहे असंही नाही. स्वस्त परवान्यामुळे अनेक बँडनी मिळून केलेल्या रद्दी अल्बमांचा ढीग आहे: एकच लाडकं गाणं तिघांनी मागितलेलं, कोणाची फाइल उणे ७ एलयूएफएसला (आवाजाची सरासरी पातळी मोजायचं एकक) ठेचून आलेली, कोणाची उणे १४ला. मोठ्या फाइलचा आवाज खाली आणला तर तो चपटा वाटतो, कारण त्याचे उंचवटे आधीच छाटलेले असतात. म्हणून अल्बम काढणाऱ्याने बँडला पहिल्याच पत्रात लिहावं: २४ बिटची वेव्ह फाइल, मिक्सवर लिमिटर (उंचवटे छाटणारं साधन) नको, शिखरं उणे ६ डेसिबलच्या आत, मास्टरिंग, म्हणजे आवाजाचा शेवटचा हात, सगळ्यांचं एकाच माणसाकडे. विनाइल काढायची तर एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपुढे जाऊ नये, खाचा अरुंद होतात आणि आवाज बसतो. आणि १८०च्या ठेक्याची चार गाणी ओळीने लावू नयेत, पाचव्याला कान उठून जातो.

तेव्हा विटंबनेवर भांडणाऱ्यांनी कलम ३१-सी एकदा पुढे वाचावं. तिथेच परंतुक आहे: एखाद्या भाषेतल्या किंवा बोलीतल्या कृतींचा संभाव्य खप पाहून ५०,०००चा आकडा कमी ठरवता येतो. मराठीसाठी मागायचं ते हे, आणि मालवणी-अहिराणीसाठी त्याहून कमी. हे ठरवायचं काम कॉपीराइट बोर्डाकडून बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेलं, २०२१मध्ये तेही बरखास्त होऊन न्यायालयांकडे आलं, त्यामुळे एकट्या गायकाने हे दार ठोठावणं अवघडच. संगीतकार-गीतकारांच्या संघटनांनी मिळून हे करावं.

तोवर हक्कदाराशी थेट करार हाच रस्ता. शब्दांचे आणि चालीचे हक्क कोणाकडे आहेत ते आधी शोधावं, मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडाही वापरू नये, आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात: प्रतींची संख्या, स्ट्रीमिंग, व्हिडिओ. चौथी, चालीत किती बदल करणार ते, आणि सोबत कच्चं ध्वनिमुद्रण जोडावं.