आत्याचा खोका आणि चाळीस टक्के

मागच्या रविवारी आत्याकडे गेलो, तर फ्रिजशेजारच्या बोर्डात साबणाच्या वडीएवढा पांढरा खोका आणि त्यावर हिरवा दिवा. "वीज वाचवतो रे," आत्या म्हणाली. १,४९९ रुपयांना दोन घेतलेत, दुसरा टीव्हीमागे. भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेजही तिने दाखवला. तो मला याआधी तीन ग्रुपांवर आला होता आणि मी तिन्ही वेळा हसून सोडून दिला होता. आता सोडत नाही.

मेसेज थोडक्यात असा: हे यंत्र प्लगमध्ये लावा, बिल ४० टक्के कमी होईल. अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी चाचणी घेतली, यंत्र पास झालं, पण धंदा बुडेल म्हणून अहवाल दडपला. विश्वास नसेल तर अँपिअर मोजून बघा. आणि स्मार्ट मीटर बसायच्या आत लावून घ्या, नाहीतर कंपनी तुमचा एसी ऑफिसात बसून बंद करेल.

आधी अँपिअर, कारण माणसं फसतात ती इथेच. व्हिडिओत एक मोटर फिरतेय, वायरीभोवती चिमट्याचा मीटर धरलाय. खोका लावला की आकडा झरकन खाली येतो. हे खोटं नाही. खोक्यात कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग, असतो आणि मोटरजवळ कपॅसिटर लावला की वायरीतला प्रवाह कमी होतोच. पण घरगुती बिल अँपिअरवर निघत नाही, युनिटवर निघतं. मोटरला चुंबकत्वासाठी थोडी वीज लागते, ती सेकंदाला शंभर वेळा घेतली जाते आणि परत दिली जाते. शेजारणीने वाटीभर साखर नेली आणि तासाभरात परत आणून दिली, तर महिन्याच्या किराण्यात फरक पडतो का? कपॅसिटर इतकंच करतो की ही वाटी शेजारी न जाता घरातल्या घरात फिरते. वाण्याचं बिल तेवढंच.

आत्याला हे पटलं नाही, म्हणून मीटरसमोर खुर्ची टाकून बसलो. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, त्याखाली लिहिलेलं असतं की एका युनिटला ३२०० लुकलुक. घरातलं सगळं बंद केलं, दोन जुने पंखे तेवढे पूर्ण वेगात ठेवले. दहा मिनिटांत ८० लुकलुक. मग खोका लावून पुन्हा दहा मिनिटं: ८१. ती एक जास्तीची माझ्या मोजण्यातली चूक असेल, खोक्यावर आळ घेत नाही. ज्याला शंका आहे त्याने आपल्या घरी मोजावं, फुकट आहे.

मग स्क्रू ड्रायव्हरने एक खोका उघडला. आत एक काळा कपॅसिटर, हिरव्या दिव्याची बारकी पट्टी, बाकी पोकळी. फ्यूज नाही. प्लगच्या पिनांशी प्लास्टिक तपकिरी पडलेलं. ही वस्तू चोवीस तास २३० व्होल्टला लावून आत्या दुपारी झोपते. मला राग आला तो या गोष्टीचा. ४० टक्क्यांची थाप ही त्यापुढे किरकोळ.

दडपलेला अहवाल? कोणत्या कंपनीचा, कोणत्या साली, हे मेसेजमध्ये नाही. न दडपलेला एक मात्र आहे. अमेरिकेच्या सरकारी मोजमाप-मानक संस्थेने, म्हणजे 'निस्ट'ने, २००९ साली नेमक्या याच विषयावर तांत्रिक टिपण काढलं, क्रमांक १६५४. कोणालाही वाचता येतं. घरात असा कपॅसिटर लावून होणारी ऊर्जेची बचत नगण्य आहे, असं त्यात हिशोब मांडून दाखवलंय. प्रवाह घटल्यामुळे वायरी किंचित कमी तापतात, बचत होते ती तेवढीच.

वीज कंपन्या चाचण्या घेत नाहीत असं नाही, उलट फार घेतात. अमेरिकेत वीज कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ओपॉवर या कंपनीच्या पत्रांची चाचणी झाली. तुम्ही शेजाऱ्यांच्या तुलनेत किती वीज वापरता, हे सांगणारं पत्र काही घरांना पाठवायचं, काहींना नाही, आणि कोणाला पाठवायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. सुमारे ६ लाख घरं. २०११ साली निकाल छापून आला: सरासरी बचत २ टक्के. ती २ टक्के खरी मानली जाते, कारण पत्र न मिळालेली घरं तुलनेला होती. आत्याने खोका मे महिन्यात लावला आणि जुलैचं बिल कमी आलं. मधे पाऊस पडला, हे तिला मी सांगायला हवं होतं?

धंदा बुडेल हेही तसंच. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळची वीज कंपनीलाच महाग पडते, म्हणून ती लोकांना वापर कमी करायचे पैसे देते. मुंबईत टाटा पॉवरने २०१२ पासून मोठ्या ग्राहकांसाठी अशी योजना चालवली. 'उजाला' या सरकारी योजनेचे ३६ कोटींवर एलईडी बल्ब वीज कंपन्यांच्याच मदतीने देशभर वाटले गेले. मग हा खोकाच तेवढा दडपायचा?

अर्धं सत्य दोन ठिकाणी आहे, मान्य करतो. कारखान्याला कपॅसिटरचा फायदा होतो. महावितरणच्या उच्चदाब, म्हणजे कारखान्यांसारख्या मोठ्या, ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने बिल येतं, म्हणजे नेऊन परत दिलेली वीजही हिशोबात येते, तिथे साखरेच्या वाटीचेही पैसे लागतात. आत्याकडे उच्चदाब जोडणी नाही. दुसरं एसीचं. टेक्सासात जून २०२१ मध्ये लोकांच्या घरातल्या थर्मोस्टॅटवरचं, म्हणजे एसीचं तापमान ठरवणाऱ्या यंत्रावरचं, तापमान खरंच दुरून वाढवलं गेलं. पण ते लोक बक्षीस-सोडतीच्या नादात तशा योजनेत नाव नोंदवून बसले होते आणि थर्मोस्टॅट इंटरनेटला जोडलेला होता. आपल्याकडचा स्मार्ट मीटर अख्ख्या घराची वीज दुरून तोडू शकतो, एकटा एसी निवडून बंद करू शकत नाही. त्या मीटरबद्दल भांडायचं तर दरांवरून भांडा, तिथे भांडण्यासारखं पुष्कळ आहे. आणि त्यात हा खोका काय मदत करणार?

पैसे परत मागायला पाकिटावरच्या नंबरला फोन लावला, लागत नाही. दुसरा खोका आत्या उघडू देत नाही. टीव्हीमागे आहे तसाच आहे, बटण तेवढं बंद केलंय.