‘सुटली बिचारी’ म्हणू नका

आज सकाळी एका मराठी घरी पोहे खायला गेले होते. अलास्कातल्या या अँकरेज शहरात आपण मोजकी माणसं, कुणी बोलावलं की मी जातेच. बोलणं वादळावर आलं आणि यजमान अगदी सहज म्हणाले, "तसं पाहिलं तर बरंच झालं. पोरं सुटली बिचारी त्या चिखलातून. आता शहरात नीट इंग्रजी तरी शिकतील."

त्यांच्या आई समोर बसल्या होत्या म्हणून मी गप्प राहिले. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. घशाशी आलेलं इथे लिहून टाकते.

भारतातल्या मंडळींसाठी थोडं आधी सांगते. ऑक्टोबर २०२५ मध्ये हॅलाँग वादळाचा तडाखा अलास्काच्या पश्चिम किनाऱ्याला बसला. किपनुक आणि क्विगिलिंगोक ही युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांची दोन गावं जवळजवळ उद्ध्वस्त झाली. घरं पायावरून उचलली जाऊन माणसांसकट वाहत गेली. हजाराहून जास्त लोकांना गाव सोडावं लागलं, आणि त्यातल्या शेकडो जणांना विमानांनी पाचशे मैलांवरच्या अँकरेजला आणलं. तिकडे रस्ता नाहीच. कुस्कोक्विम आणि युकॉन या दोन नद्यांच्या मुखाकडचा तो सगळा सपाट, दलदलीचा टुंड्रा. गावोगावी जायचं ते छोट्या विमानाने, बोटीने, नाहीतर हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून.

मी त्याच भागातल्या एका गावात काही वर्षं गणित शिकवलंय. म्हणून ते ‘सुटली’ मला इतकं झोंबलं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. काहीही विचारा, उत्तर नाही. भुवया उंचावल्या की ‘हो’, नाक मुरडलं की ‘नाही’, एवढाच संवाद. (तिकडे सगळेच असं बोलतात, पण बाहेरून आलेल्यांना ते मठ्ठपणाचं लक्षण वाटतं.) एक तज्ज्ञ विमानाने आले, तासभर इंग्रजीत चाचणी घेतली आणि ही मुलगी ‘मंद’ असल्याचा शेरा मारून त्याच दिवशी परत गेले. मी विरोध केला. कोण ऐकतंय!

त्याच हिवाळ्यात तिची आजी वर्गात आली. पार्क्याच्या, म्हणजे तिकडच्या कातडी कोटाच्या, काठाला लावायच्या नक्षीसाठी पांढऱ्या-काळ्या कातड्याचे तुकडे घेऊन. एकाही तुकड्याची कड सरळ नव्हती. आजीने एक वेडावाकडा तुकडा घेतला, दुमडला, बोटाने रेघ दाबली, फिरवून पुन्हा दुमडला, कडा जुळवल्या आणि उलुआकने, म्हणजे तिकडच्या बायकांच्या त्या अर्धचंद्राच्या आकाराच्या सुरीने, जास्तीचं कापून टाकलं. उघडला तर चौकोन. पट्टी नाही, पेन्सिल नाही. मग तो तिने त्या मुलीच्या हातात दिला. आणि ती मुलगी, जी वर्षभर तोंड उघडत नव्हती, ती लहान पोरांना गोळा करून युगतुनमध्ये, म्हणजे त्यांच्या युपिक भाषेत, समजावत बसली. आधी मधला बिंदू धरायचा, मग अर्धं, मग अर्ध्याचं अर्धं. शब्द मला कळत नव्हते, पण हात कळत होते. अपूर्णांक, सममिती, सगळं तिला येत होतं. फक्त कुणी तिच्या भाषेत विचारलं नव्हतं.

आता सांगा, सुटायचं होतं कशातून? त्या आजीपासून?

आणि हे ‘शहरात आणा म्हणजे पोरांचं भलं होईल’ काही आजचं नाही. १९७६ पर्यंत तिथल्या बहुतेक गावांत हायस्कूलच नव्हतं. चौदा वर्षांची पोरं दूरच्या सिटका शहरातल्या वसतिगृहात, नाहीतर थेट दुसऱ्या राज्यात, ऑरेगनला पाठवली जायची. सरकारी शाळांत स्वतःची भाषा बोललं म्हणून मार बसायचा, साबणाने तोंड धुवायचे. तोंड. धुवायचे. भाषेसाठी! एमोनक नावाच्या युपिक गावातल्या मॉली हूच या शाळकरी मुलीचं नाव ज्या खटल्याला पडलं, त्यात शेवटी राज्याला नमावं लागलं आणि १२६ गावांत हायस्कूल द्यायचं कबूल करावं लागलं. एवढं भांडून शाळा गावात आणली ती कशासाठी? पोर आजीच्या नजरेसमोर राहावं म्हणूनच ना?

हो, इंग्रजी लागतंच. पायलट व्हायचं, नर्स व्हायचं, कचेरीत भांडायचं तर इंग्रजीवाचून चालत नाही, हे तिथल्या आज्यांनाही कळतं. पण ते शिकायला युगतुन टाकावी लागते हे कुणी ठरवलं? त्याच भागातल्या बेथेलमध्ये आयाप्रुन एलितनाउरविक ही युगतुन माध्यमाची शाळा १९९५ पासून उभी आहे. २०१५ साली तिची इमारत जळाली. शिक्षिकांनी वर्षानुवर्षं हाताने बनवलेली पुस्तकं, चित्रं, तक्ते, सगळं गेलं. शाळा बंद नाही पडली. अलास्कातल्याच फेअरबँक्सच्या विद्यापीठातले जेरी लिप्का युपिक शिक्षकांना आणि ज्येष्ठांना सोबत घेऊन वर्षानुवर्षं बसले आणि मासे वाळवायच्या मांडवापासून ताऱ्यांवरून वाट काढण्यापर्यंतचं गणित त्यांनी पाठांत आणलं. माझ्या वर्गात आजीने जे केलं ते असं रीतसर शिकवता येतं, शिकवलं गेलंय. म्हणजे मार्ग नाही म्हणून अडलेलं नाही.

अडलंय पैशापाशी. आणि इथे मला खरंच संताप येतो. किपनुकला धूप आणि पूर थोपवायला मंजूर झालेला दोन कोटी डॉलरचा निधी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रद्द केला. पाच महिन्यांत वादळ आलं. त्या पैशातून एवढ्यात बंधारा उभा राहिला नसता, कबूल. पण रद्द केलाच ना? त्याच वर्षी जुलैमध्ये सार्वजनिक रेडिओचा पैसा संसदेने काढून घेतला. बेथेलचं केवायूके हे १९७१ पासूनचं केंद्र, युगतुनमध्ये बातम्या देणारं, त्याचा मोठा आधार गेला. २०१४ साली राज्याने इंग्रजीसोबत वीस स्थानिक भाषांना अधिकृत दर्जा दिला. छान. टाळ्या. पण त्या भाषेतल्या बातम्यांचा पैसा काढायचा, ती बोलणारं गाव वाहून जाऊ द्यायचं, आणि वर म्हणायचं पोरं सुटली!

युगतुन बोलणारे सुमारे दहा हजार उरलेत. अलास्कातल्या मूळ भाषांमध्ये ही त्यातल्या त्यात धडधाकट. अलास्कातलीच एयाक भाषा लहानपणापासून बोलणाऱ्या शेवटच्या बाई, मारी स्मिथ जोन्स, इथेच अँकरेजमध्ये २००८ साली गेल्या. धडधाकट भाषेची ही गत व्हायला फार काही लागत नाही. दोन पिढ्या शहरात पांगल्या की झालं.

चहा घेऊन आले. जरा शांत लिहिते.

त्या आजीबद्दल एक राहिलं. ती नातीला हाक मारायची ती मुलगी म्हणून नाही, आई म्हणून. तिकडे नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, आणि मग त्या बाळाशी नातंही तेच. आजीची आई गेल्यावर ही जन्मली, नाव तिचंच मिळालं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवलं की आजी त्याला नावाने हाक मारत नसे, त्यातलंच काहीसं, पण कितीतरी खोल. ज्या मुलीला शाळेच्या कागदावर मंद ठरवलं, तिला घरी एक म्हातारी आई म्हणत होती, घासातला पहिला घास देत होती. ही नाती पत्ता बदलला की आपोआप सोबत येत नाहीत. ती हाक मारणारं माणूस शेजारच्या घरात असावं लागतं.

गावातलं जिणं सोपं नाही, हेही मान्य. कित्येक घरांत नळ नाही, दुधाचे भाव ऐकून चक्कर येते, सामन मासे धरण्यावर बंधनं आलीत. ज्या कुटुंबांना इथेच राहायचंय त्यांनी खुशाल राहावं, त्यांना अडवणारी मी कोण. इथल्या कॉलेज गेट शाळेत युगतुन माध्यमाचे वर्ग आधीपासून चालतात आणि वादळानंतर आलेली बरीच मुलं तिथे गेली, ही या सगळ्यातली खरी चांगली बातमी. पण हे वर्ग पोरांना गावाशी बांधून ठेवायला हवेत, गावाच्या बदली नव्हेत.

दादा, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. तुमचा राग नाही, पोहेही छान झाले होते. तुमचा मुलगा दर शनिवारी ऑनलाइन मराठी शिकतो, आणि आजीशी मराठीत बोलला की तुमचा चेहरा कसा उजळतो ते मी आजच पाहिलं. त्याची आजी तुमच्या घरात आहे. किपनुकच्या पोरांच्या कित्येक आज्या वादळानंतर कुठल्यातरी हॉटेलच्या खोलीत नाहीतर दुसऱ्या गावात नातलगांकडे पांगल्या. तुमची इतक्या ठिकाणी ओळख आहे, आमदारांच्या कचेरीत ऊठबस आहे. तिथे पुढच्या वेळी गेलात की विचारा, किपनुकचं पुढे काय ठरलंय, आणि शाळा कुठे उभी राहणार आहे. मी सोबत येते.