जर्मनीकडे वसाहती होत्याच किती? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

वंश आणि कचेरीचा हुकूम यांवर राज्य करायची रीत आधी वसाहतींत करून पाहिली गेली आणि पुढे नाझी राजवटीत ती घरी आली, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर प्रतिक्रिया सविस्तर दिलीत, छान वाटलं, म्हणून उत्तरही लांबतंय. तुमचं म्हणणं असं की सगळ्यात मोठं साम्राज्य इंग्रजांचं, तिकडे काही हिटलर झाला नाही, जर्मनीकडे वसाहती मोजक्या आणि त्याही पहिल्या महायुद्धात गेल्या, मग वसाहतींचा नाझी राजवटीशी संबंध जोडणं ओढूनताणून आहे. वर इंग्रजांच्या नोकरशाहीने आपल्याला कायद्याचं राज्य दिलं, हेही.

किती होत्या ते सोडा हो, तिथे काय काय करून पाहिलं ते बघा. आजचा नामिबिया तेव्हा जर्मनांकडे होता. १९०४ मध्ये तिथल्या हेरेरो जमातीच्या लोकांनी उठाव केला आणि ऑक्टोबरात तिथल्या जर्मन सैन्याचा प्रमुख जनरल फॉन ट्रोथाने लेखी हुकूमच काढला, की जर्मन हद्दीत दिसेल तो हेरेरो, हातात बंदूक असो नसो, गोळी घाला. हजारो माणसं वाळवंटात तहानेने मेली, उरलेली छावण्यांत कोंडली, त्यातली शार्क बेटावरची सगळ्यात भयंकर.

पण मला कत्तलीइतकीच त्यानंतरची फायलींची कामं महत्त्वाची वाटतात. १९०५ पासून तिथल्या प्रशासनाने गोऱ्या-काळ्यांची लग्नं नोंदवणंच बंद केलं. १९०७ मध्ये फर्मान निघालं, सात वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकन माणसाने नंबर असलेला धातूचा बिल्ला घालायचा, आणि गव्हर्नरच्या परवानगीशिवाय जमीन नाही की गुरं नाहीत. हे कुठल्या संसदेत पास झालं? कुठल्याच नाही, साहेबाची सही झाली की संपलं. उलट १९१२ मध्ये बर्लिनच्या संसदेने अशी लग्नं कायदेशीर धरा म्हणून बहुमताने ठराव केला, तर सरकारने तो सरळ बाजूला ठेवला! माणूस कोण ते वंश ठरवणार, त्याचं काय करायचं ते कचेरी ठरवणार, मध्ये कोर्ट नाही, मतदार नाही, माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

आणि माणसंही तीच बरं का. हेरेरोंविरुद्ध लढलेला फॉन एप १९३३ मध्ये बव्हेरियात हिटलरचा राज्यपाल झाला. १९०८ मध्ये नामिबियातल्या रेहोबोथ गावात मिश्रवंशीय लोकांची मोजमापं घेणारा मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर त्याच १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू. एवढ्यानेच नाझी आले असं मी म्हणत नाहीये, हरलेलं युद्ध, मंदी, ज्यूद्वेषाचा जुना इतिहास, सगळं लागलंच. स्टालिनच्या रशियातल्या हुकूमशाहीला तर हे वसाहतींचं कारण फारसं लागूही पडत नाही.

इंग्रजांचं म्हणाल तर त्यांच्या घरची संसद आणि कोर्टं टिकली, म्हणून लंडन वाचलं. इथे मात्र १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा बघा, एकदा अख्खी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की त्या घोषणेला कोर्टात आव्हान देताच येत नव्हतं! सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना कोंडून ठेवायच्या जागेत, तारेच्या कुंपणाआड पिढ्या गेल्या, गुन्हा काय तर त्या जमातीत जन्म, आणि सुटका १९५२ मध्ये. याला कायद्याचं राज्य म्हणायचं का, ते तुम्हीच सांगा.

लेखात काँगो का घेतला नाही असंही विचारलंत. तिथे बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याचे अधिकारी रबराच्या कमिशनवर काम करायचे, ती फायलींपेक्षा लुटीची गोष्ट जास्त आहे, म्हणून मुद्दाम बाहेर ठेवला.