यिन-यांग आणि कबाला एकच? आधी पाणी कोणत्या बाजूला आहे ते बघा

‘चिनी यिन-यांग आणि ज्यूंच्या कबालातला जीवनवृक्ष म्हणजे एकाच अतिप्राचीन ज्ञानाचे दोन नकाशे’ अशी पोस्ट सध्या फिरते आहे. (कबाला म्हणजे ज्यूंची गूढविद्या, आणि जीवनवृक्ष ही तिच्यातल्या दहा सेफिरोतची, म्हणजे ईश्वरी शक्तींची, आकृती.) सोबत पुरावे आहेत आणि एक सुबक चित्रही.

‘अतिप्राचीन’चं आधी बघू. यिन-यांगची, म्हणजे एकमेकांना पूरक अशा दोन शक्तींची, कल्पना जुनी आहे, वाद नाही. पण थायचीची, म्हणजे यिन-यांग ज्यातून निघतात त्या मूळ तत्त्वाची, आकृती मांडून तिच्यावर लिहिणारा चिनी विचारवंत चौ दुन्यी (१०१७–१०७३) अकराव्या शतकातला, आणि त्यात एकाखाली एक वर्तुळं आहेत. दोन माशांसारखं ते लोकप्रिय चिन्ह आणखी नंतरचं. झोहर हा कबालाचा मुख्य ग्रंथ पुढे आला तोही तेराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनमध्ये.

‘कबालाचे ३२ मार्ग दुप्पट केले की यी चिंगच्या (प्राचीन चिनी शकुनग्रंथाच्या) ६४ आकृत्या.’ दुप्पट का करायचं? ३२ म्हणजे १० सेफिरोत अधिक २२ हिब्रू अक्षरं. ६४ येतात सहा रेघांतून, प्रत्येक रेघ अखंड किंवा तुटक. या हिशोबाने बुद्धिबळाचा पटही कबालाचाच!

स्त्री-पुरुष जोडीचा मुद्दा मात्र वरवर पटणारा आहे. वृक्षात उजवी बाजू पुरुषाची, डावी स्त्रीची. पण उजवीकडच्या हेसेदचा, म्हणजे कृपेचा, रंग पांढरा आणि तत्त्व पाणी. डावीकडची गेवुरा लाल, अग्नीची, कठोर न्यायाची. चीनमध्ये पाणी यिन, म्हणजे स्त्रीकडे, आग यांग. मऊ, नमतं घेणारी बाजूही यिनच. स्त्री-पुरुष जुळवावेत तर पाणी आणि आग उलटी पडतात, ती जुळवावीत तर स्त्री-पुरुष. शिवाय यांग शिगेला पोचलं की यिन सुरू होतं, ऋतूंसारखं. हेसेद कितीही वाढली तरी तिची गेवुरा होत नाही. दोघींचा तोल मधली तिफेरेत सांभाळते.

‘एकातून दोन’ दोन्हीकडे आहे, खरं. पण कबालातलं ते ‘एक’, एन सोफ म्हणजे अनंत, हा ईश्वर आहे. माणसाने आज्ञा पाळल्या की वरच्या लोकावर परिणाम होतो. थायचीपुढे प्रार्थना कोण करतं?

कुणी चीनमधल्या कायफंग शहराच्या ज्यूंचा दाखला देईल. त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, ११६३ चं. त्यांच्या १४८९ च्या शिलालेखात आदाम थेट चिनी आदिपुरुष फानकूशी जोडलेला आहे. हा संपर्क खराखुरा! पण तिथला मजकूर अब्राहम, मोशे, प्रार्थना आणि उपवास यांचा आहे, सेफिरोतचा नाही.

राहिलं ते चित्र, वृक्षावर यी चिंगच्या तीनरेघी आकृत्या बसवलेलं. अशी मांडणी ॲलिस्टर क्राउली या इंग्रज गूढवाद्याने १९४४ मध्ये छापली होती.