को-हाउसिंगचा नकाशा आधी शेजाऱ्याला दाखवा

पंधरा-वीस कुटुंबांनी गावाबाहेर जमीन घ्यायची, घरं आपापली, पण मोठं स्वयंपाकघर, हॉल, पार्किंग सामायिक. असे को-हाउसिंगचे बेत आता बरेच ग्रुप आखतायत. चर्चा सगळी बजेटची आणि आर्किटेक्टची. शेजारी कुणाच्या हिशेबातच नसतो, आणि घोडं अडतं ते तिथेच.

ही कल्पना जिथे रुजली त्या डेन्मार्कमध्येही हेच झालं. यान गुडमन-हॉयर या आर्किटेक्टच्या गटाने 1964 मध्ये कोपनहेगनजवळ हारेस्कोव्हला जागा घेतली. नगरपालिका अनुकूल होती. पण एवढी पोरं म्हणजे गोंगाट, या धास्तीने शेजाऱ्यांनी रस्त्याला लागणारी जमिनीची पट्टीच विकत घेतली. खेळ खल्लास! डेन्मार्कमधली पहिली मानली जाणारी को-हाउसिंग वसाहत, सेटेडामेन, उभी राहायला 1972 उजाडलं.

आपल्याकडे ती पट्टी म्हणजे बांधावरची वहिवाट. "इथून सगळेच जातात" या भरवशावर टोकन देऊ नका. बैलगाडीला वाट देणारा शेतकरी वीस मोटारी आणि खडीचे डंपर जाऊ देईलच असं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. रस्त्याचा हक्क रुंदीसकट नोंदणीकृत दस्तात घ्या. मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांना सरकारी टपालाने जाईलच, पण त्याआधी चहाला जाऊन या. एजंटला पाठवू नका.

मग पाणी. 80 माणसं, माणशी 135 लिटर, म्हणजे रोज 10,800 लिटर. मे महिन्यात रोज एक मोठा टँकर! बोअरचं नाव काढलंत की शेजारचा विहीरवाला विरोधात गेलाच समजा. छताचं पाणी कुठे मुरवणार, सांडपाणी कुठे सोडणार, त्याच्या विहिरीपासून ते किती लांब, हे नकाशावर आकड्यांत दाखवा. तोंडी "काळजी करू नका" म्हटलं की तो जास्तच काळजी करतो.

सरपंचांचा होकार म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. ती नियोजन प्राधिकरणाकडून किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडून येते. तरी नळजोडणी, कचरा, आतला रस्ता यांसाठी रोजची गाठ पंचायतीशीच. ग्रामसभेत चकचकीत थ्री-डी चित्रं लावलीत तर हमखास प्रश्न येतो: रिसॉर्ट काढताय का? खरा संशय त्या सामायिक हॉलवर असतो. लोकांना त्यात लग्नाचं लॉन आणि रात्रीचा डीजे दिसतो. म्हणून हॉल बाहेरच्या कार्यक्रमांना भाड्याने द्यायचा नाही, हे सोसायटीच्या उपविधीतच घाला आणि त्या मसुद्याची प्रत अर्जासोबत पंचायतीत देऊन पोच घ्या.